बाईंचा सहावा दिवस

“म्हणजे तिसऱ्या मजल्यावर उतरायचं की पाचव्यावर, एवढंच ठरवायचंय ना?” लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या नवऱ्याने विचारलं, आणि त्याच्या बायकोने टेबलाखालून त्याला चिमटा काढला.

“अहो, डॉक्टरांपुढे मजले काय मोजताय!”

डॉक्टर हसले. दाराशी उभ्या असलेल्या बाई मात्र हसल्या नाहीत, कारण गड्याने अगदी नेमकं विचारलं होतं. नवरा-बायकोच्या बीजांची गाठ काचेच्या बशीत घालून दिली, की तिसऱ्या दिवसापर्यंत त्या ठिपक्याच्या सात-आठ पेशी होतात. तेव्हाच त्याला आईच्या पोटात सोडायचं, की पाचव्या दिवसापर्यंत बशीतच वाढू द्यायचं? लवकर सोडला तर तो टिकणारा होता की नव्हता, हे कळायला मार्ग नाही. थांबलं तर कोण टिकतो ते दिसतं. पण सगळेच बशीत आटोपले तर सोडायला काही उरत नाही. दहा-बारा गर्भ असले तर खुशाल थांबावं, कोणाचं काय जातंय! या दोघांचे होते दोन.

बाई म्हणजे या दवाखान्याच्या प्रयोगशाळेतल्या बाई. बावीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्यामुळे आयांपासून वॉचमनपर्यंत सगळे त्यांना पाठीमागे दुर्बीणबाई म्हणत. दुर्बीण लांबचं बघायला असते आणि बाई बघत ते जवळचं, पण हे सांगणार कोण आणि ऐकणार कोण! बाईंच्या कानावर ते नाव कधीच गेलं होतं आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडतही होतं.

समोरची बायको शाळांचे गणवेश शिवायची. वय एकोणचाळीस. याआधी दोनदा तिला तिसऱ्या दिवशी गर्भ सोडून झाले होते, आणि दोन्ही वेळा चौदाव्या दिवशी तपासणीचा निकाल ऐकून ती याच खुर्चीत बसून रडली होती. या खेपेला बीजं मिळाली चार, त्यातली जुळली दोन. पुढच्या खेपेला मिळतील असं डॉक्टरांना वाटत नव्हतं आणि ते त्यांनी तिच्यापासून लपवलंही नव्हतं. जे काही व्हायचं ते या दोघांतूनच.

“कसे आहेत दोघं?” शिवणाऱ्या बाईने विचारलं. शाळेत सोडून आलेल्या मुलांची चौकशी करावी तसं.

“एक आठ पेशींचा आहे,” बाई म्हणाल्या. “चोख. सगळ्या पेशी सारख्या, मोजून घ्याव्यात अशा. दुसरा पाचच पेशींचा. कडेला चुरा पडलाय, जरा मागे राहिलाय. तुम्ही एकच आहे असं धरून चला.”

सकाळीच त्यांनी आपल्या वहीत दुसऱ्याच्या आकड्यापुढे पेन्सिलीने बारीक फुली मारली होती. पेनने नाही, पेन्सिलीने. पण फुली ती फुलीच.

“माझं मत आजच दोन्ही सोडावेत,” डॉक्टर म्हणाले. “आईच्या पोटासारखी जागा आमच्या कुठल्याच यंत्रात नाही.”

“पोट दोनदा बघून झालं, डॉक्टर.” ती बाईंकडे वळली. “ताई, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?”

हा प्रश्न बाईंना वर्षातून पन्नास वेळा तरी येई, आणि बाई पन्नास वेळा तो शिताफीने डॉक्टरांकडे टोलवत. कोणाच्या संसाराचा निर्णय आपण का घ्यावा? पण ही बाई नुसती बघत राहिली. बोटाला सुईच्या टोचण्यांनी घट्टे पडलेले, हात मांडीवर पालथे.

“माझ्याकडे कापड एवढंच उरलंय, ताई,” ती म्हणाली. “एकदा कात्री चालली की चालली. म्हणून विचारते.”

“मी थांबले असते,” बाई म्हणाल्या.

बोलून गेल्या आणि त्यांचं त्यांनाच दचकायला झालं. डॉक्टरांनी भुवया वर केल्या. लिफ्टवाल्याने बायकोकडे बघितलं, बायकोने मान हलवली. ठरलं. पाचवा मजला.

त्या गुरुवारी बाई घरी गेल्या त्या गप्पगप्पच.

आता त्यांच्या घराचीही एक गंमत आहे, ती सांगितल्याशिवाय बाई कळायच्या नाहीत. बाईंच्या अंगाला वास नव्हता. पेशी म्हणजे इतकी हळवी जात, की साबणाचा, पावडरीचा, तेलाचा, कसलाही सुवास हवेतून बशीत उतरला तर तिला बाधतो. म्हणून बाई नोकरीला लागल्या त्या दिवसापासून बिनवासाच्या साबणाने आंघोळ करत आणि केसांना काही म्हणजे काही लावत नसत. आणि नशिबाने थट्टा करावी तरी किती! त्यांचं लग्न झालं ते सेंटच्या दुकानदाराशी.

नवऱ्याचं दुकान त्याच्या वडिलांच्या वेळेपासूनचं. डोळे बांधले तरी चाळीस वास नावानिशी सांगणारा माणूस. लग्नानंतर दुकानातून आला की तो बिचारा दोनदा अंग घासून धुवायचा, कपडे बाहेरच्या दोरीवर टाकायचा, आणि तरीही बाई त्याच्यापासून हातभर लांब बसायच्या. दोन वर्षं असंच चाललं. मग एका आठवड्यात प्रयोगशाळेतल्या सगळ्या बश्या वाया गेल्या. कारण काही सापडलं नाही. बाई घरी कोणाला काही बोलल्या नाहीत, पण येता-जाता आपलीच बाही नाकाशी नेऊन बघायच्या. नवऱ्याने चार दिवस ते पाहिलं. महिन्याभरात बाटल्या विकून टाकल्या आणि त्याच गाळ्यात कुलपांचं दुकान मांडलं.

“कुलपाला वास नसतो,” एवढंच म्हणाला. पुन्हा त्या गोष्टीचा उच्चार नाही. असा नवरा मिळायला पुण्याई लागते, आणि आपल्याला तो फुकटात मिळाला असं बाईंना अजून वाटतं.

“काय झालं गं?” त्या संध्याकाळी त्याने विचारलं.

“एकीला सल्ला दिला.”

“तू?” त्याने हातातलं कुलूप खाली ठेवलं. “बरी आहेस ना जीवाने?”

“थट्टा नको हो. चुकला तर तिचं सगळंच संपेल.”

शुक्रवार नुसता उलटला. चौथ्या दिवशी इन्क्युबेटरचं दार उघडायचं नाही, असा बाईंचा दंडक होता. उघडून करायचं काय, आत काही म्हणता काही दाखवण्यासारखं नसतं. पेशी एकमेकींना बिलगून बसतात, हद्द पुसून टाकतात. बाहेर उभं राहून फक्त तापमानाचा आकडा बघायचा. बाईंनी तो दिवसभरात इतक्या वेळा बघितला, की झाडूवाल्या मावशी म्हणाल्या, “अहो बाई, त्याला नजर लागेल.”

शनिवारी सकाळी बशी सूक्ष्मदर्शकाखाली आली.

पहिला, तो चोख, आठ पेशींचा, देखणा, जागच्या जागी थांबला होता. गुरुवारी रात्री कधीतरी एक पाऊल पुढे गेला असेल-नसेल. आता काळवंडून गेला होता. हलणार नव्हता. बाईंनी भिंग फिरवून दुसऱ्याकडे बघितलं. तिथे एक ओबडधोबड गोळा होता. पाचव्या दिवशी आत पाण्याचा फुगा धरायला हवा, त्याचा पत्ता नव्हता.

डॉक्टर बघून गेले. “मी गुरुवारीच म्हणत होतो,” असं ते बोलले नाहीत, आणि तेच बाईंना जास्त लागलं.

सांगायला बाई स्वतः गेल्या. दोघं बाकावर बसले होते. बायको, गर्भ सोडताना लागतं तसं पोट भरून पाणी पिऊन, तयार होऊन आलेली. बाईंनी उभ्या-उभ्या सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही.

शिवणारी बाई बाकावरून उठली. मग अगदी सावकाश म्हणाली, “तुम्ही म्हणालात म्हणून थांबले मी.”

ओरडली असती तर बरं झालं असतं.

“दुसरा कसा आहे पण?” लिफ्टवाल्याने विचारलं.

“गोळा आहे नुसता. त्याच्यावर भरवसा ठेवू नका.”

“मेलाय?”

“नाही. मेला नाही.”

“मग अडकलाय,” तो म्हणाला. “अडकलेली लिफ्ट आणि पडलेली लिफ्ट यांत फार फरक असतो, ताई. चल गं.” आणि बायकोच्या पाठीवर हात ठेवून तो तिला घेऊन गेला.

दुपारी डॉक्टरांनी निरोप पाठवला, बशी बंद करा. दवाखान्याचा नियमच तसा. पाचव्या दिवशी काही नसेल तर नाही. बाई त्यांच्या खोलीत गेल्या.

“एक दिवस माझा, डॉक्टर.”

“बाई, तुमचा तो फुकटचा दिवस!” डॉक्टर थकलेल्या आवाजात हसले. त्यांचे वडील हा दवाखाना चालवत तेव्हापासून बाई हे मागत आल्या होत्या. बंद करायला सांगितलेली बशी त्या आणखी एक दिवस ठेवायच्या, वहीत न लिहिता, कोणाला आशा न लावता. बावीस वर्षांत त्या दिवसाने हातावर ठेवलं होतं ते बोटांवर मोजण्याइतकंच. “उद्या रविवार आहे. येणार कोण?”

“मी येईन की. माझं काय अडलंय!”

रविवारी सकाळी त्या निघाल्या तेव्हा नवराही चपला घालून उभा. सुट्टीच्या दिवशी बाई दवाखान्यात निघाल्या की तो सोबत यायचा आणि बाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसायचा. दवाखाना शांत होता. बाईंनी कपडे बदलले, कोपरापर्यंत हात धुतले, टोपी बांधली. आत शिरताना स्वतःला बजावलं, की काही नसणार आहे, बघायचं, बंद करायचं, घरी जायचं.

भिंगाला डोळा लावला आणि त्या तशाच राहिल्या.

गोळा नव्हता. तिथे एक टपोरा, पारदर्शक फुगा होता, पाण्याने तट्ट भरलेला. कडेने एकीला लागून एक अशा पेशी ओळीने बसलेल्या. त्यांची पुढे बाळाला पोसणारी वार व्हायची. आत एका बाजूला पेशींचा घट्ट पुंजका चिकटलेला. त्याचं मूल व्हायचं. तू वार हो, तू मूल हो, असं त्यांना कोणी सांगितलं? कोणीच नाही. ना बाईंनी, ना डॉक्टरांनी, ना त्या यंत्राने. ज्याच्या पुढे फुली मारली होती, त्या पाच पेशींच्या चुऱ्याने अंधारात बसून हे सगळं आपापलं ठरवलं होतं. बावीस वर्षांत हजारो फुगे पाहिले असतील त्यांनी. पण त्या क्षणी त्यांना वाटलं, आपण आजपर्यंत काहीच पाहिलं नाही. आपण नुसते आकडे घालत बसलो. डोळे भरून आले तशी त्या घाईने मागे सरकल्या, बशीवर टिपूस पडायला नको म्हणून.

बशी परत आत ठेवून त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. “या तुम्ही. आत्ताच या.”

अर्ध्या तासात डॉक्टर आले. बाईंनी बशी पुन्हा काढली, भिंगाखाली धरली. फुगा बसला होता! सुरकुतून, आवळून, मुठीएवढ्याचा जणू बोराएवढा झालेला.

डॉक्टरांनी पाहिलं. हळूच म्हणाले, “गेला का?”

“कधीकधी बसतात हे. पुन्हा फुगतात.”

“कधीकधी फुगत नाहीतही, बाई.”

“थांबू या,” बाई म्हणाल्या. याच शब्दाने तर सगळं होत्याचं नव्हतं झालं होतं.

दोन तास थांबायचं ठरलं. डॉक्टर आपल्या खोलीत गेले. बाई काचेच्या दाराआड स्टुलावर बसून राहिल्या; पलीकडे बाकावर नवरा. त्याने पेपर कधीच खाली ठेवला होता. काचेतून तो खुणेनेच म्हणाला, काय? बाईंनी तळहात वर केला, माहीत नाही. मग दोघं काचेच्या दोन बाजूंना तसेच बसले. आयुष्यभर ते असेच बसत आले होते, मध्ये काहीतरी हातभर ठेवून, असं बाईंच्या मनात येऊन गेलं.

साडेअकराला बशी तिसऱ्यांदा बाहेर आली. बाईंनी डोळा लावायच्या आधी एकदा मिटून घेतला.

फुगा भरला होता. आधीपेक्षा मोठा. कवच ताणून कागदासारखं पातळ झालेलं, आणि एका बाजूने चिरून त्यातून दोन-तीन पेशी बाहेर डोकावत होत्या. बाहेर पडायला निघाला होता पठ्ठ्या!

बाईंनी डॉक्टरांना हाक मारली. आणि त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी नियमात बसत नाही. बशीवरचं नाव दिसत नाही याची खात्री करून त्यांनी सूक्ष्मदर्शकाला जोडलेला पडदा काचेकडे वळवला आणि नवऱ्याला खूण केली. तो उठून काचेशी आला. दोन्ही हात पाठीमागे बांधून, देवळात उभं राहावं तसा उभा राहिला. बावीस वर्षांत बाई आत काय बघतात ते त्याने कधी पाहिलं नव्हतं.

त्याचे ओठ हलले. काचेतून आवाज येत नव्हता, पण बाईंना कळलं. “यासाठी होय?” तो म्हणत होता. “यासाठी होय गं?”

बाईंनी मान हलवली.

डॉक्टरांनी भिंगातून बघून कितीतरी वेळ डोकं वर काढलं नाही. मग म्हणाले, “आजच गोठवू. पोटात रुजायची वेळ या महिन्यात टळली, पुढच्या महिन्यात सोडू.” दाराशी जाऊन ते परत वळले. “बाई, तुमचा दिवस आजपासून वहीत लिहीत चला. सगळ्यांसाठी.”

ते गेल्यावर बाईंनी वही काढून फुली खोडली. खोडरबराने कागद स्वच्छ झाला, पण पेन्सिलीचा दाब उरलाच. बोट फिरवलं की लागायचा. मग त्यांनी फोन केला. लिफ्टवाल्यानेच उचलला.

“मी प्रयोगशाळेतून बोलतेय. दुसरा—”

“सुटला?” तो ओरडला. “ताई, वर पोचला?”

“पोचला. माझं चुकलं होतं. मी त्याला मोजलंच नव्हतं.”

पलीकडे नुसतं शिलाई मशीन चालत होतं. मग ते थांबलं.

पुढच्या महिन्यात तो गोठवलेला ठिपका वितळून पुन्हा फुगला, पोटात सोडला, आणि चौदाव्या दिवशी शिवणारी बाई त्या खुर्चीत तिसऱ्यांदा रडली. या वेळी डॉक्टरांनी तिला पाणी द्यायची घाई केली नाही. त्यानंतर बाईंचा तिच्याशी संबंध संपला. तसा तो संपतोच. पोट दिसायला लागलं की माणसं दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या डॉक्टरांकडे जातात. मुलं होतात, बारशी होतात, आणि प्रयोगशाळेचं दार कोणाच्या ध्यानातही राहत नाही. बाईंनी आजवर हजारो जणांना त्यांच्या आईच्या आधी पाहिलं होतं. हातात त्यांतलं एकही घेतलं नव्हतं.

पुढच्या वर्षी एका सकाळी बाई कामावर येऊन अजून कपडे बदलायच्या होत्या, तेवढ्यात वऱ्हांड्यात ते तिघं दिसले. पाच महिन्यांची मुलगी. गणवेशांच्या उरलेल्या तुकड्यांचं निळं-करडं झबलं घातलेली. आईने तिला सरळ बाईंपुढे धरलं.

“घ्या. आधी तुम्ही घ्यायची म्हणून कोणाकडे नेली नाही अजून दवाखान्यात.”

पोरगी पावडरीने पांढरी झाली होती. डोक्याला तेल चोपडलेलं. तीन पावलांवरून बाईंना तो गोड वास आला आणि त्यांचे पुढे झालेले हात आपोआप पाठीमागे गेले.

“मला नाही घेता यायची,” त्या म्हणाल्या. “आत आज एकीचा पाचवा दिवस आहे.”

आईचा चेहरा खर्रकन उतरला. लिफ्टवाला चुळबुळला. “पण पाचव्या दिवसाचं आणि हिचं काय...?”

“वास,” बाई म्हणाल्या. “त्यांना वास सोसत नाही. हिलाही सोसला नसता तेव्हा.” त्या एक पाऊल मागे सरकल्या. “मी लांबूनच बघते. छान आहे हो. फार छान आहे.”

शिवणारी बाई क्षणभर त्यांच्या बिनतेलाच्या केसांकडे, कोरड्या हातांकडे बघत राहिली. मग वऱ्हांड्यातल्या बेसिनपाशी गेली. झबलं उतरवून नवऱ्याच्या खांद्यावर टाकलं. नळ सोडला, पाणी कोमट झाल्याची मनगटावर खात्री केली, आणि पोरीला त्याखाली धरून नुसत्या पाण्याने धुऊ लागली. मान, काखा, टाळू, कानामागे. दोनदा, तीनदा. पोरगी आधी भोकाड पसरणार होती, मग विचार बदलून पाण्याला लाथा मारू लागली. आईने तिला दवाखान्याच्या कोऱ्या चादरीत टिपलं, टाळूला नाक लावून हुंगून बघितलं, पुन्हा एकदा धुतलं.

“आता घ्या,” ती म्हणाली.

बाईंनी घेतली. ओली, निसटती, वाटली त्यापेक्षा जड. तिने आपलं ओलं डोकं बाईंच्या खांद्यावर टेकवलं आणि त्यांचा गळा मुठीत धरला. बाई हलल्या नाहीत. पाच पेशी, त्या मनात म्हणाल्या. कडेला चुरा.

मग तिला परत देऊन त्या आत गेल्या. बाहेरचे कपडे खुंटीला टांगले, अंग पुसलं, कोपरापर्यंत हात नेहमीपेक्षा दुप्पट वेळ धुतले आणि त्या दुसऱ्या बाईची बशी काढली.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी काही सांगायच्या आत नवरा जवळ आला आणि थबकला. चाळीस वास ओळखणारं नाक त्याने बाईंच्या खांद्याशी नेलं, जिथे कापड वाळून जरासं कडक झालं होतं. एकदा हुंगलं. पुन्हा हुंगलं. डोळे मिटून बराच वेळ तसाच उभा राहिला.

“हे आपल्या दुकानात कधी नव्हतं,” तो म्हणाला.

बाईंनी ते कपडे त्या दिवशी धुवायला टाकले नाहीत.